डावी बाही

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी दुकानात दान म्हणून आली. साल उलटून गेलेलं, त्यामुळे विकता येईना. पहिल्या पानावर कुणीतरी ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'आजपासून रोज लिहायचं.' पुढची सगळी पानं कोरी. मला हा माणूस आवडला. ताई म्हणाली, "काकू, रद्दीत टाका," आणि मी पिशवीत टाकली. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून बरोबर लिहीन. रोज लिहीन असं मात्र लिहिणार नाही. त्याचं काय झालं ते दिसतंच आहे.

दुकान एका संस्थेचं आहे. लोक घरातलं नको झालेलं सामान आणून देतात, आम्ही ते निवडतो, पुसतो, टॅग लावतो आणि स्वस्तात विकतो. येणारा पैसा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला जातो. आम्हाला पगार नाही, चहा आहे. ताई दुकान चालवते. माझ्या मुलीच्या वयाची, पण सगळे ताईच म्हणतात, मीही म्हणते. निवडायच्या टेबलावर माझ्यासमोर मास्तर असतात. निवृत्त झाले, पण टॅगवर अजून उत्तरपत्रिकेवर लिहावं तसे शेरे लिहितात. 'बरा. एक बटण कमी.'

मी इथे कशी आले ते लिहून ठेवते. हे गेल्या हिवाळ्यात गेले. दोन दिवसांत मी कपाट रिकामं केलं. शर्ट, पँट, बूट, सगळं इस्त्री करून इथे आणून दिलं. शेजारणी म्हणाल्या, बाई खंबीर आहे. ताई म्हणाली, "इतकं नीट घडी घालून कुणीच देत नाही. तुम्हीच का येत नाही कामाला?" कपडे आठवड्याभरात विकले गेले. मी राहिले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लोक काय काय देतात. आज एक पाय असलेला बुटाचा जोड आला. जोड म्हणणं चूक, पण देणाऱ्याने पिशवीवर तसंच लिहिलं होतं. एक मिक्सर आला. आणणारी म्हणाली, "चालतो, फक्त फिरत नाही." मास्तरांनी गंभीरपणे विचारलं, "मग चालतो म्हणजे नेमकं काय करतो?" ती म्हणाली, "आवाज करतो."

कपड्यांचं माझ्याकडे असतं. आधी वास घ्यायचा, मग उजेडात धरून भोकं बघायची, मग खिसे. खिशात रुमाल आणि बसची तिकिटं निघतात. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, लोकांचे कपडे हुंगतेस?" मी म्हटलं, आयुष्यभर तुझे हुंगले, तेव्हा फुकट होतं. मग लक्षात आलं, हेही फुकटच आहे.

दुकानाचा मोठा नियम एकच. टेबलावर ठेवलं ते दुकानाचं. आपल्या वस्तू दारामागच्या खुंटीला. पावसाळ्यात मास्तरांनी स्वतःची छत्री टेबलावर ठेवली आणि चहाला गेले. परत आले तेव्हा ती विकली गेली होती. मीच विकली होती. त्यांना भिजत घरी जावं लागलं. मी दोन दिवस हसत होते. मास्तर म्हणाले, "हसा बाई. प्रत्येकाची पाळी येते."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक बाई आली आणि फडताळासमोर उभी राहिली. गेल्या आठवड्यात तिने सासूची किटली दिली होती, ती परत हवी होती. झाकण नीट बसत नाही, तोटीला टवका गेलेला. म्हणाली, "घरी जागा रिकामी दिसते हो."

मी तिला समजावलं. वस्तूत काही नसतं, माणूस मनात असतो, दिलं ते दिलं. बराच वेळ बोलले. गेल्या महिन्यात एक मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक वाचलं होतं, त्यातली दोन वाक्यं मला तोंडपाठ होती, तीही घातली. बाई मान हलवत होती. तेवढ्यात ताईने किटली कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.

मला ताईचं पटलं नाही. असं सगळ्यांना परत देत सुटलो तर दुकान कशाला, सगळ्यांना आपापल्या घरीच ठेवू दे ना. दुपारी पुठ्ठा घेतला आणि पाटी लिहिली. 'दिलेली वस्तू व विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' 'कोणत्याही कारणास्तव'खाली रेघ मारली. मास्तर म्हणाले, अक्षर सुरेख आहे. गल्ल्याच्या वर टांगली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुलीचा फोन. दर रविवारी येतो. आज म्हणाली, "आई, तू अजून तो तपकिरी स्वेटर घालून दुकानात जातेस?"

"दुकानात गारठा असतो."

"तुझे स्वतःचे तीन आहेत."

"ते चांगले आहेत. कामाला कशाला खराब करायचे?"

लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या रविवारी वाचून दाखवता येईल. ह्यांचा तो स्वेटर राहिला तो केवळ योगायोगाने. मी कपाट आवरलं तेव्हा तो धुवायला टाकलेला होता. वापरात आहे म्हणून घरात आहे. मला वस्तूंचा सोस नाही.

तो मीच विणलेला आहे. मला शाळा फारशी मिळाली नाही. लग्न झालं तेव्हा दुकानांच्या पाट्या लागायच्या, त्याही मोठ्या अक्षरांतल्या. ह्यांनी कुठूनसं एक जुनं मासिक आणलं, त्यात स्वेटर विणायची कृती होती. मला म्हणाले, वाच आणि विण. अडलेला शब्द ते सांगत. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे तो स्वेटर. पुढे पुस्तकं पुष्कळ वाचली, पण इतकं नीट काहीच समजलं नाही. पुन्हा काही विणलं मात्र नाही. एकदा जमलं ते पुरे.

ह्यांनी तो जन्मभर वापरला. एक सवय होती. डावी बाही नेहमी दुमडलेली. म्हणायचे, घड्याळ बघायला बरं पडतं. मी चिडवायची, एवढं काय वेळेचं वेड, तुमच्यावाचून गाडी सुटणार आहे का.

मला स्वेटर तसा मोठाच होतो. डावी बाही तर बोटांवर येते. माझा डावा हात जरा आखूड असावा. या वयात आपल्या शरीराची अशी माहिती कळते.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तो डाव्या हाताला..."

"काय?"

"काही नाही. जेवलीस का?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही. पण दुसऱ्या कुणाचं असतं तर चवीने लिहिलं असतं, तेव्हा लिहिते.

सकाळी एका घरातून टेम्पोभर पोती आली. उचलून उचलून घाम फुटला. मी स्वेटर काढला आणि मिनिटभर टेबलावर, पोत्यांतून काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर ठेवला. तेवढ्यात ताईने हाक मारली, काकू, गल्ल्यावर बसा, मला बँकेत जायचंय. मी गेले.

मास्तरांनी नियमाप्रमाणे केलं. स्वेटर पाहिला, टॅग लिहिला, 'पुरुषांचा. कोपर विरलेलं. ऊब चांगली', मग त्याची घडी घालून एका मफलरमध्ये गुंडाळला, सुतळी बांधली आणि गठ्ठ्यांच्या टोपलीत टाकला. गरम कपड्यांचे आम्ही असे जोडगठ्ठे करतो. कल्पना माझीच.

दुपारी एक माणूस तो गठ्ठा घेऊन गल्ल्यावर आला. चष्मा माझ्या डोक्यावर होता आणि गल्ल्याचा खण अडकला होता, त्याच्याशी माझी झटापट चाललेली. त्याने विचारलं, "आत स्वेटर आहे तो हाताने विणलेला आहे का?"

मी न बघता मफलरच्या कडेतून दोन बोटं आत घातली. चाचपलं. आणि म्हणाले, "हाताचाच. टाके सैल आहेत, विणणारी नवशिकी दिसतेय. पण ऊब आहे."

"टिकेल का?"

"इतकी वर्षं टिकलाय म्हणजे कुणीतरी जपूनच वापरलाय. घ्या."

त्याने घेतला. मी पिशवीत घालून दिला, वर हसलेही.

संध्याकाळी खुंटीकडे हात गेला. खुंटी रिकामी. मग टेबल. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला. छत्रीचं ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जुना स्वेटर होता. कोपर गेलेलं होतं. आज ना उद्या चिंध्यांच्या गठ्ठ्यात जाणारच होता. मला त्याचं काही नाही.

मास्तरांना विचारलं, तो माणूस कोण होता. सहज विचारलं. ते म्हणाले, बस चालवणाऱ्याचा निळा गणवेश होता. आपल्या दारावरून जाते ती बस.

ताई म्हणाली, "काकू, आपण त्याला गाठू. सांगू चूक झाली."

मी पाटीकडे बोट दाखवलं. ताई म्हणाली, "पुठ्ठ्याची पाटी आहे, काकू." मी म्हटलं, रेघ मारलेली आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज कामावरून घरी बसने गेले. एरवी चालत जाते, दहा मिनिटांचा तर रस्ता. पण गुडघा दुखत होता. कोणता ते आता आठवत नाही.

पहिली बस आली, चालक दुसराच. सोडून दिली. दुसरी सोडली. थांब्यावरच्या एका आजोबांनी विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?" मी म्हटलं, ठरायचंय. तिसऱ्या बसमध्ये तो होता. गणवेशाच्या जाकिटाच्या आत तपकिरी गळा. लांबूनच ओळखला. गळ्याशी एक टाका सुटलेला आहे, तो मी दोऱ्याने धरून ठेवलाय, दोऱ्याचा रंग थोडा वेगळा आहे.

आता काय म्हणायचं ते मनात जुळवत होते. चालकसाहेब, तुमच्या अंगातला कपडा काढून द्या. हे कुठल्या शब्दांत सांगितलं म्हणजे शोभेल? एवढी पुस्तकं वाचली, त्यातल्या एकाही बाईवर असा प्रसंग आलेला नाही.

माझा थांबा आला. उतरले नाही. पुढे शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज जाते. त्याच्या मागच्या पहिल्या बाकड्यावर तिरकी बसते, म्हणजे खांदा आणि हात दिसतात. स्वेटर त्याला चांगला बसतो. मला आवडलं नाही, पण बसतो.

त्यानेही डावी बाही जाकिटाच्या कडेवर दुमडली आहे. घड्याळ बघायला असेल म्हणून नीट पाहिलं, तर हातात घड्याळच नाही. वेळ बसमधल्या घड्याळात बघतो. मग बाही कशाला दुमडतो कोण जाणे. माणसांना सवयी असतात.

किटलीवाली बाई आज दुकानासमोरून गेली. मी मान खाली घालून एक स्वच्छ पेला पुन्हा पुसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ताईने शेवटी विचारलंच, "काकू, तुम्ही रोज बसने कुठे जाता?" मी म्हटलं, हवा खायला. ती म्हणाली, "बसमध्ये?"

३ डिसेंबर, बुधवार

आज त्याने बाही दुमडलेली नव्हती. मी आत चढल्या चढल्या पाहिलं. सरळ मनगटापर्यंत आलेली, उजवीसारखीच. इतके दिवस निदान मागून पाहिलं की दुमडलेली बाही तरी दिसत होती. मला एकदम उतरावंसं वाटलं, पण दार बंद झालं होतं.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मी बसून राहिले. त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळला.

"मावशी, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्ही साध्या वेशातल्या तपासनीस आहात का?"

"मी?"

"रोज माझ्याच मागे बसता. बोलत नाही, फक्त बघता. आठवडाभर मी एक सिग्नल तोडलेला नाही. बायकोला म्हटलं, म्हातारी आहे, पण नजर फार कडक आहे."

मग मला जुळवलेलं काहीच आठवलं नाही. म्हणाले, "मी तुमचा स्वेटर बघते."

"हा? थांबा, आता ओळखलं तुम्हाला. हा तर तुमच्याच दुकानातला. तुम्हीच दिलात. म्हणालात, विणणारी नवशिकी आहे."

"ती मीच."

त्याला कळलं नाही. मग सगळं सांगितलं. टेबल, मफलर, गल्ल्याचा खण, ह्यांचं. त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यासमोर धरला. मी घेतला.

"तरीच," तो म्हणाला.

"तरीच काय?"

"डावी बाही. उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब होती. मी दुमडून वापरत होतो, पण स्टिअरिंगवर सारखी सुटायची. बायको म्हणाली, आणा इकडे. काल रात्री मनगटाकडून उसवली आणि बरोबर करून दिली."

मी म्हटलं, "बाही लांब नव्हती. ह्यांना घड्याळ बघायचं असायचं, म्हणून ते दुमडत."

"असेल," तो म्हणाला.

मी चहा प्यायले. निवृत्त झाल्यावर ह्यांनी घड्याळ काढून खिडकीत ठेवलं होतं. म्हणाले, आता कुणाला हवी वेळ. ते तिथेच असायचं. बाही तरीही दुमडलेलीच. रोज समोर बसून मी ते पाहिलं आहे.

त्याने जाकीट काढलं आणि स्वेटर डोक्यावरून काढायला लागला. "घ्या मावशी. मला आधी सांगायचं ना."

"घाला तो. थंडी आहे."

"अहो, पण तुमचा आहे."

"आमच्याकडे पाटी आहे, विकलेला माल परत नाही."

"पाटी कुणी लिहिली?"

"मीच. म्हणून तर." मग जे खरं होतं ते सांगितलं. "त्याच्या दोन्ही बाह्या आता सारख्या आहेत. असला स्वेटर मी विणलेलाच नाही."

तो अर्धा डोक्यात, अर्धा बाहेर असा थांबला. मग पुन्हा घातला. उतरताना मी विचारलं, उसवलेली लोकर टाकून दिली का. तो म्हणाला, "माझी बायको काही टाकत नाही. आमच्या घरी येऊन बघा, तुमचं दुकान बरं."

घरी आल्यावर मुलीला फोन केला. बुधवारी फोन केला म्हणून ती घाबरली. बाहीचं विचारलं.

"आई, मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"शाळेत असल्यापासून. मी एकदा बोलणार होते तर बाबांनी गप्प केलं. म्हणाले, तिला कळलं तर ती सगळा उसवून बसेल आणि मला हिवाळाभर गारठवेल."

खरं आहे, उसवलाच असता. दोघीही हसलो. मग ती रडली. मीही, पण फोन ठेवल्यावर, कारण बिल तिचं नव्हतं, माझं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी बस दुकानाच्या बरोबर दारात थांबली. तिथे थांबा नाही. प्रवासी खिडक्यांतून डोकावू लागले. चालक उतरून आत आला आणि त्याने कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली.

"बायकोने दिलीय. म्हणाली, मावशींना सांगा, टाके सैल आहेत हे खरं, पण गाठी अशा मारल्यात की उसवताना नखं गेली."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, जायचंय ना?" तो गेला. जाताना त्याने पाटी वाचली, मान डोलावली.

पुडीत तपकिरी लोकरीची गुंडाळी. लिंबाएवढी. गुंडाळली असली तरी धागा अजून वेडावाकडा आहे, टाक्यांची वळणं गेलेली नाहीत. मी ती बघत बघत टेबलावर ठेवली आणि डोळे पुसायला चष्मा काढला. चष्मा लावते तो मास्तरांचा हात टॅगच्या डब्यात.

"मास्तर."

"टेबलावर ठेवलंत, बाई. नियम आहे."

"मास्तर, हात तोडीन."

"मी एवढंच लिहिणार होतो," ते म्हणाले, "की विक्रीसाठी नाही."

मी गुंडाळी उचलून कंबरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीची नाडी ओढली. पाटी उतरवली नाही, पण खालची रेघ पांढऱ्या रंगाने पुसली. ताईने पाहिलं आणि गल्ला मोजू लागली. शहाणी पोर आहे.

तिने माझ्यासाठी पोत्यांतला एक राखाडी स्वेटर बाजूला ठेवला होता. बायकी, माझ्या मापाचा. घालून पाहिला. डावी बाही मनगटावर बरोबर बसली. उजवीही. खात्री व्हावी म्हणून मास्तरांना टेप दिली, त्यांनी दोन्ही हात मोजले. सारखे. वर्षभर मी त्या बिचाऱ्या डाव्या हाताला बोल लावत होते.

घरी येऊन लोकर मांडीवर घेतली आणि आठवत बसले. उजवी बाही मी आधी विणली होती, मासिक पुढ्यात ठेवून, एकेक शब्द लावत. डावीच्या वेळी कृती पाठ झाली होती, मासिक मिटून ठेवलं होतं. वाचायचं काही नव्हतं, म्हणून हे बोलत बसायचे आणि मी विणत ऐकायची. काय बोलत होतो ते आता एक अक्षरही आठवत नाही. चार बोटं बाही जास्त होईल एवढं बोललो होतो, इतकं नक्की.